जिटरचं भय आणि काळी चारचा सूर

गंगाखेड तालुक्यातल्या एका गावात सप्ताहाचा पाचवा दिवस होता. रात्रीचं कीर्तन उभं राहिलं, टाळकऱ्यांनी दोन्ही बाजूंनी रांगा धरल्या. पहिल्या अभंगाचं ध्रुवपद लागलं, आणि मृदंग गळ्यात अडकवून उभ्या असलेल्या गुरुजींनी साऊंडवाल्या पोराकडे पाहून हात हलवला. "शाळंवरचा भोंगा बंद कर. हात मागं ओढतोय माझा." पोराला काही उमगेना. आवाज तर चारी बाजूंना नीट जात होता.

मी रेकॉर्डिंगचं सामान मांडून मिक्सरजवळच बसलो होतो. मंडपापासून शाळा साधारण १७० मीटर. तारेतून सिग्नल शाळेवर तत्क्षणी पोचतो, पण भोंग्यातून निघालेला आवाज हवेतून सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास चालतो. म्हणजे गुरुजींची प्रत्येक थाप अर्ध्या सेकंदानं त्यांच्याच कानावर परत येत होती. तीस-चाळीस टाळांच्या गजरात तो प्रतिध्वनी मला जाणवलाही नव्हता. भोंगा बंद झाला, पुढच्याच आवर्तनात गुरुजींचा हात मोकळा झाला, आणि टाळकऱ्यांचे पायसुद्धा एकसारखे पडायला लागले.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको की मी या माणसाच्या कानाबद्दल शंका घेतोय. परभणी जिल्ह्यात वीस वर्षं भजन-कीर्तनांची रेकॉर्डिंग करतो आहे. लयीचा इतका पक्का कान मी फार कमी पाहिला.

याच गुरुजींना गेल्या वर्षी शहरातल्या एका विक्रेत्यानं अडतीस हजारांची एक डबी विकली. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर गुरुजींनी हौसेनं एक बरा अॅम्प्लिफायर, दोन स्पीकर आणि एक डॅक घेतला होता. डॅक म्हणजे फाइलीतल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारं यंत्र. विक्रेत्यानं सांगितलं की लॅपटॉपमधून येणाऱ्या सिग्नलच्या घड्याळात चूक असते, तिला जिटर म्हणतात, आणि त्यामुळे आवाज कोरडा पडतो. ही डबी मधे लावली की घड्याळ शुद्ध होतं. शेवटी तो म्हणाला, "सामान्य माणसाला नाही कळायचं, पण तुम्ही मृदंगवादक आहात, तुम्हाला वेळेतली चूक लगेच कळेल." अडतीस हजार म्हणजे आमच्याकडे सात-आठ क्विंटल सोयाबीन. एका निवृत्त शिक्षकाच्या आयुष्यभराच्या रियाजाला हाताशी धरून त्याच्याकडून ते पैसे काढले गेले, याची मला चीड आहे.

आणि प्रश्न एकट्या गुरुजींचा नाही. मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्या पोरांपासून सभागृहासाठी यंत्रणा घेणाऱ्या संस्थांपर्यंत सगळ्यांपुढे हा शब्द आता टाकला जातो. म्हणून सरळ विचारतो: डिजिटल आवाजातली वेळेची ही बारीक चूक माणसाला ऐकू येते का? माझं उत्तर असं की आजच्या धड चालणाऱ्या कुठल्याही साधनात ती ऐकू येत नाही. ज्याला येते असं वाटतं, त्यानं डोळ्यांवर पडदा टाकून ती ओळखून दाखवावी. आणि डिजिटल आवाजात वेळेच्या ज्या चुका खरोखर ऐकू येतात, त्यांच्याकडे आपण सगळ्यांनी पाठ फिरवली आहे.

आधी जिटर म्हणजे काय ते पाहू, कारण सगळा घोळ तिथेच सुरू होतो. सीडीमध्ये एका सेकंदाच्या आवाजाची ४४,१०० मापं घेतलेली असतात. दोन मापांमध्ये २२.७ मायक्रोसेकंदांचं अंतर, मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हापासून हेच गणित आहे. शेताच्या बांधावर सारख्या अंतरानं खांब रोवलेत, प्रत्येकाची उंची वेगळी आहे, आणि सगळ्यांच्या माथ्यावरून एक दोर वळसा घेत नेलाय, असं डोळ्यांपुढे आणा. तो दोर म्हणजे आवाजाची लाट. खांबांची उंची फाइलीत लिहिलेली असते. त्यांच्यातलं अंतर मात्र ऐकवताना डॅकमधलं क्वार्ट्‌झचं घड्याळ राखतं. घड्याळ किंचित डळमळलं तर उंची बरोबर राहते, पण खांब जागेवरून जरासा इकडेतिकडे सरकतो आणि दोराचा आकार बिघडतो. जिथे दोर सपाट आहे तिथे खांब सरकल्यानं काहीच फरक पडत नाही. जिथे चढ तीव्र आहे तिथे पडतो. म्हणून जिटरचा त्रास झाला तर तो मोठ्या आणि उंच पट्टीच्या आवाजात होतो, मृदंगाच्या धुमाच्या, म्हणजे डाव्या पुडीच्या, घुमाऱ्यात होत नाही.

आता यातली जी गोष्ट विक्रेता सांगत नाही, ती बघा. खांब सरकण्याचं प्रमाण नॅनोसेकंदांत मोजतात, आणि नॅनोसेकंद म्हणजे मायक्रोसेकंदाचा हजारावा भाग. आजच्या साध्या, धड बनवलेल्या डॅकमध्ये ते एका नॅनोसेकंदाच्याही खाली असतं. एवढ्या काळात प्रकाशसुद्धा जेमतेम एक फूट जातो. अशा चुकीनं थाप उशिरा पडत नाही, सम हुकत नाही, लय ढळत नाही. चूक वेळेची असली तरी कानाला ती वेळ म्हणून लागतच नाही. लागलीच तर मूळ सुराच्या आजूबाजूला उमटणारे अतिशय क्षीण परके सूर किंवा हलकी खरखर म्हणून लागेल. चांगल्या वादकाला लयीतला फरक काही मिलिसेकंदांत कळतो, आणि एका मिलिसेकंदात दहा लाख नॅनोसेकंद बसतात. म्हणजे गुरुजींच्या ज्या गुणाचा दाखला देऊन डबी विकली गेली, त्या गुणाचा इथे काही संबंधच नव्हता. लयीचा कान वेगळा, विकृती ओळखणारा कान वेगळा. दोन्ही 'वेळेची चूक' या एकाच शब्दाखाली कोंबले की फसवणूक सोपी होते.

ते परके सूर किती क्षीण असतात, याचा हिशेब कागदावर करता येतो. १०,००० हर्ट्‌झचा एक शुद्ध सूर घ्या. टाळ-झांजेच्या झणकाऱ्यात एवढ्या वरचे अंश असतात. घड्याळ एका ठरावीक गतीनं १ नॅनोसेकंद मागे-पुढे होऊ द्या. मूळ सुराच्या दोन्ही बाजूंना एकेक सावलीसारखा सूर उभा राहतो, आणि त्याची पातळी मूळ सुरापेक्षा सुमारे ९० डेसिबलनं खाली असते. खोलीत झांजेचा तो अंश ७० डेसिबलनं वाजत असेल, तर सावलीचा सूर उणे २० डेसिबलवर गेला. निरोगी तरुण कानाचा उंबरठा शून्याच्या आसपास असतो. एप्रिल-मे महिन्यात आमच्या घरांत कूलर पन्नास-साठ डेसिबलनं घोंघावत असतो, तो वेगळाच. शिवाय मूळ सूर इतक्या जवळ आणि इतका मोठा असताना कान शेजारचा बारीक सूर झाकूनच टाकतो.

वयाचंही बोलायला हवं, जपून. साठी ओलांडल्यावर बहुतेकांचा वरच्या पट्टीचा कान उतरतो. जिटरचा त्रास असलाच तर तो नेमका त्याच वरच्या पट्टीत. आणि अशी महागडी डबी घ्यायला ज्यांच्याकडे पैसा आणि सवड असते, ती माणसं बहुधा साठीच्या आगेमागेच असतात.

मोजणाऱ्यांनी काय पाहिलं? १९९८ साली डॉल्बी लॅबोरेटरीजमधल्या एरिक बेंजामिन आणि बेंजामिन गॅनन यांनी मुद्दाम जिटर मिसळून माणसांना ऐकवलं. जिटर उघडा पडावा म्हणून निवडलेल्या उंच पट्टीच्या शुद्ध सुरांवर तो सुमारे १० नॅनोसेकंदांपासून ओळखू आला. संगीतावर २० नॅनोसेकंदांच्या खाली कुणालाही ओळखता आला नाही. २००५ साली जपानमध्ये काओरू आशिहारा आणि सहकाऱ्यांनी विस्कळीत, अनियमित जिटर घेऊन प्रयोग केला. ऐकणारे जाणत्या कानाचे होते, आणि त्यांना आपापल्या पसंतीच्या परिस्थितीत ऐकू दिलं होतं. तरीही ओळखण्याची मर्यादा काही शे नॅनोसेकंदांवर आली.

३०० नॅनोसेकंदांत आवाज हवेतून किती सरकतो? एक दशांश मिलिमीटर. कागदाच्या एका पानाची जाडी. खुर्चीत बसून श्वास घेताना आपलं डोकं स्पीकरपासून यापेक्षा कितीतरी जास्त पुढे-मागे होतं. तुलना तंतोतंत नाही, कारण डोकं सावकाश हलतं आणि जिटर भराभर. पण आपण कोणत्या मापाबद्दल वाद घालतोय, ते त्या कागदाच्या पानावरून ध्यानात येतं.

आणि ज्या कॅसेटवर आम्ही सगळे वाढलो, तिचं काय? कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते, आणि तिचा वेग सतत थोडा कमीजास्त होत असतो. चांगल्या डेकमध्ये हा चढउतार एक दशांश टक्क्याच्या आसपास. तो सेकंदाला पाच वेळा होत असेल, तर वेळेतली चूक सुमारे ३० मायक्रोसेकंदांची होते. म्हणजे तीस हजार नॅनोसेकंद. याच कॅसेटवर परभणी-नांदेडच्या हजारो घरांत पहाटेचा हरिपाठ लागायचा, आणि आकाशवाणीवरून भरून घेतलेलं गाणं झिजेस्तोवर ऐकलं जायचं. ज्या कानांनी तीस हजार नॅनोसेकंद पोटात घातले, ते आता एका नॅनोसेकंदानं कोरडे पडतात, हे मला पटत नाही.

समोरची बाजूही नीट मांडतो. जिटरच्या भीतीला एक खरं मूळ आहे. २०,००० हर्ट्‌झचा, पूर्ण ताकदीचा सूर सोळा बिटांच्या, म्हणजे सीडीत खांबाची उंची लिहायच्या, सगळ्यात बारीक पायरीच्या अर्ध्याइतकासुद्धा बिघडू द्यायचा नसेल, तर घड्याळाची चूक सुमारे १२१ पिकोसेकंदांच्या आत ठेवावी लागते, हे गणित बरोबर आहे. पिकोसेकंद नॅनोसेकंदाचा हजारावा भाग. पण ही यंत्र बनवणाऱ्या अभियंत्यानं स्वतःला घालून घेतलेली मर्यादा आहे. पूर्ण ताकदीचा २०,००० हर्ट्‌झचा सूर कुठल्याही संगीतात नसतो, आणि असता तरी तो आमच्यापैकी बहुतेकांना ऐकू आला नसता. अभियंत्याच्या काटेकोरपणाचा आकडा उचलून तो श्रोत्याच्या कानाचा आकडा म्हणून खपवला गेला. १९९०च्या सुमारास सीडी वाजवणारं यंत्र आणि डॅक वेगळे करून मधे तार जोडायची पद्धत आली. त्या तारेतूनच घड्याळाचा ठोका जात असल्यानं काही यंत्रांत काही नॅनोसेकंदांची गडबड व्हायची. तेव्हा तिच्यावर काम होणं रास्तच होतं. आता डॅक येणारे आकडे आधी स्वतःच्या साठ्यात भरून घेतो आणि स्वतःच्या घड्याळानं बाहेर सोडतो. लॅपटॉपचा ठोका कसाही असो, तो तिथेच थांबतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. दोन कानांवर येणाऱ्या आवाजात १० मायक्रोसेकंदांचा फरक असला तरी माणसाला दिशा बदलल्याचं कळतं. हे खरं आहे, आणि मला ते नेहमीच थक्क करतं. पण जिटर डाव्या-उजव्या दोन्ही वाहिन्यांना एकाच घड्याळातून, सारखाच लागतो. दोन कानांत फरक पडतच नाही. आणि १० मायक्रोसेकंद म्हणजे तरी दहा हजार नॅनोसेकंदच. काही जण म्हणतात की दोन मापांमधलं अंतर २२.७ मायक्रोसेकंद असल्यानं सीडीला त्याहून बारीक वेळ दाखवताच येत नाही. तेही चूक आहे. दोराचा चढ दोन खांबांमध्ये नेमका कुठे आहे, हे खांबांच्या उंचीवरूनच ठरतं, आणि ते अंतराच्या कितीतरी बारीक भागापर्यंत बरोबर ठरतं.

उरतो तो शेवटचा आक्षेप: "मोजमाप गेलं चुलीत, मला ऐकू येतं." याचा मी मान राखतो, कारण शेवटी संगीत कानासाठीच असतं. आणि मान राखायचा म्हणूनच मी गुरुजींच्या घरी गेलो.

मेची दुपार होती. डबी लावून आणि काढून गुरुजींनी मला आधी उघड्या डोळ्यांनी ऐकवलं. "हे बघ, आता मोकळं झालं. टाळ कसा सुटा ऐकू येतो." त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा होता. मग मी म्हटलं, "गुरुजी, हेच आता न बघता करू या." त्यांनी लगेच होकार दिला. मी स्पीकरच्या टोकांवर मीटर लावून दोन्ही वेळेचा व्होल्टेज एकसारखा करून घेतला. एक बाजू अगदी थोडी मोठी असली तर माणसाला ती मोठी न वाटता 'चांगली' वाटते, आणि बहुतेक घरगुती तुलना इथेच फसतात. सगळ्या सामानावर गुरुजींचं उपरणं टाकलं. त्यांची नात उपरण्यामागे बसली. छापा पडला तर डबी लावायची, काटा पडला तर काढायची, आणि वहीत लिहून ठेवायचं. पंखा बंद, कूलर बंद. घाम टपकत होता. मी पाठ करून बसलो, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरूनही काही कळायला नको. गुरुजींना हवं ते, हवं तितका वेळ ऐकायची मुभा होती.

सोळा वेळा ऐकून झालं. नुसत्या अंदाजानं सोळापैकी आठ बरोबर येतात. बारा किंवा अधिक बरोबर आले असते तर तो योगायोग असण्याची शक्यता शंभरात चारपेक्षा कमी, मी डबीपुढे हात जोडले असते. गुरुजींचे नऊ बरोबर आले. मग मी बसलो, माझे सात आले. नातीनं वही आजोबांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि बाजूला ठेवली.

"मग मघाशी मला ऐकू आलं ते काय होतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुम्हाला ऐकू आलंच होतं, गुरुजी. मनानं भरून दिलं होतं ते." कान एकटा कधीच ऐकत नाही. डोळा बघतो, किंमत आठवते, विक्रेत्याचा शब्द आठवतो, आणि सगळं मिळून आवाज तयार होतो. यात कमीपणा काही नाही. ज्याला ऐकायची तळमळ आहे त्यालाच असं होतं. ज्याला नाही त्याला डबी लावली काय नि काढली काय, सारखंच.

त्या दुपारी मी तिथून उठलो असतो तर हा लेख लिहिला नसता. उन्हं उतरेपर्यंत थांब म्हणून गुरुजींनी एक फाइल लावली. त्यांच्या गुरूंच्या, म्हणजे बुवांच्या, जुन्या कीर्तनातला अभंग. शेजारच्या गावातल्या कुणीतरी डिजिटल करून पेनड्राइव्हवर दिला होता. पहिल्या ओळीचा आलाप पुरता संपलाही नव्हता, तोच गुरुजी म्हणाले, "हे आमच्या बुवांचं नाही. म्हणजे आवाज बुवांचाच आहे, पण असे गात नव्हते ते. बुवा काळी चारला उभे राहायचे. हा आजारी माणूस वाटतो." नातीनं पेटी आणली. गुरुजींनी काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी, दाबली, सूर खाली राहिला. काळी तीन दाबली, सूर वर राहिला. तिच्या शेजारची पांढरी पाच दाबली, पुन्हा खाली. धड काळी तीन नाही, धड पांढरी पाच नाही, दोन्हींच्या बरोबर मधे कुठेतरी बुवा अडकले होते.

मला कारण तिथेच कळलं. भरताना सेकंदाला ४८,००० मापं घेतली गेली होती, आणि फाइलीच्या माथ्यावर ४४,१०० लिहिलं गेलं होतं. वाजवणारं यंत्र माथ्यावरचं वाचतं. त्यामुळे सगळा अभंग आठ टक्क्यांनी संथ झाला आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वरानं उतरला. अर्धस्वर म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर. काळी चारवरून दीड अर्धस्वर खाली आलं की माणूस नेमका काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या मधोमध पोचतो. दहा मिनिटांचा अभंग जवळपास अकरा मिनिटांचा होतो. मी माथ्यावरचा आकडा बदलला आणि पुन्हा लावला. गुरुजींनी पहिल्याच शब्दाला डोळे मिटले. मांडीवर त्यांचा हात चालायला लागला.

हीसुद्धा डिजिटल आवाजातली घड्याळाचीच चूक. हीच खरी ऐकू येणारी चूक. सत्तरीच्या माणसानं ती एका आलापात पकडली, न सांगता, न दाखवता. दुरुस्तीला एक पैसा लागला नाही. तरीही मराठवाड्यात आज मोबाइलवर फिरणाऱ्या किती जुन्या कीर्तनांत, भारुडांत, ओव्यांत बुवांचा सूर असा अधांतरी लटकला असेल, आणि नवी पोरं त्यालाच बरोबर समजून त्यावर गळा बसवत असतील, या विचारानं मला झोप येत नाही.

अशा चुका आणखी आहेत. कीर्तनाचं चित्रण एका कॅमेऱ्यावर होतं आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. दोघांच्या घड्याळांत दहा लाखाला पन्नास इतकाच फरक असला तरी दोन तासांच्या कीर्तनात ०.३६ सेकंदाची तफावत साठते. सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळलेले असतात, काल्याच्या अभंगापर्यंत टाळ आधी दिसतो आणि मग ऐकू येतो. आवाज चित्राच्या सुमारे १२५ मिलिसेकंद मागे किंवा ४५ मिलिसेकंद पुढे गेला की बघणाऱ्याला ते जाणवायला लागतं, असं आंतरराष्ट्रीय प्रसारण-शिफारशींत धरलेलं आहे. इथे तर त्याच्या जवळपास तिप्पट. ब्लूटूथच्या स्पीकरवर तानपुरा लावून मृदंगाचा रियाज करणारी मुलं मी पाहतो, तिथवर ठीक आहे. पण त्याच स्पीकरवर टाळाचा ठेका लावून स्वतःचा मृदंग त्यातूनच ऐकायला गेली की शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर थेट हातात उतरतो. दोन डिजिटल यंत्रं जोडली आणि दोघं आपापल्या घड्याळानं चालली तर अधूनमधून टकटक येते. त्यासाठी रेडिओ केंद्रांत आणि स्टुडिओत सगळ्या यंत्रांना एकच घड्याळ देतात. तिथे घड्याळाच्या पेटीचं काम खरं आहे. यंत्रांनी एकमेकांच्या पावलाला पाऊल लावावं एवढंच तिच्याकडून अपेक्षित असतं, गोडवा नाही.

आणि सभागृहं. आमच्या भागातल्या एका सभागृहात मी मागच्या रांगेत बसलो होतो. निवेदकाचा प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येत होता, एकदा माझ्या डोक्यावरच्या स्पीकरमधून आणि मागोमाग रंगमंचावरून. आवाजाला ३४ सेंटिमीटर जायला एक मिलिसेकंद लागतो. मंचापासून १७ मीटरवरच्या स्पीकरला ५० मिलिसेकंद थांबवून ठेवलं की दोन्ही आवाज एकत्र पोचतात आणि शब्द जुळतो. ही सोय त्याच सभागृहाच्या डिजिटल मिक्सरमध्ये होती. एक आकडा भरायचा होता, कुणी भरला नव्हता. सप्ताहातल्या शाळेवरच्या भोंग्याचंही तेच. गावाला ऐकू जावं म्हणून भोंगा हवाच, पण त्याचं तोंड मंडपाकडून फिरवता येतं आणि त्याचा आवाज उतरवता येतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या संस्था सरकारी किंवा वर्गणीच्या पैशातून ध्वनियंत्रणा घेतात, त्यांनी जिटरच्या नावावर एक रुपयाही देण्याआधी विक्रेत्याला उपरण्यामागची परीक्षा द्यायला लावावी. सोळा वेळा, आवाज सारखा करून. त्याला ती देता आली तर पैसे द्यावेत, माझी काही हरकत नाही. आमच्या महाविद्यालयांच्या संगीत विभागांत ही परीक्षा विद्यार्थ्यांकडून एकदा तरी करून घ्यावी. कानाचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकानं आयुष्यात एकदा नऊ बरोबर आल्याचा अनुभव घ्यावा, त्यानं कान अधिक नीट ऐकायला लागतो. आणि वाचलेला पैसा, वाचलेली मेहनत कॅसेटींकडे वळवावी. पत्र्याच्या घरांत, लोखंडी पेट्यांत, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यांतून त्या तीस-चाळीस वर्षं तग धरून आहेत. फीत एकमेकांना चिकटते आहे, तिच्यावरचा थर सुटतो आहे. प्रत्येक कॅसेटला एकदाच नीट वाजण्याची संधी मिळेल असं धरून चालावं लागतं. फीत वाचणारं हेड स्वच्छ करून त्याचा कोन त्या फितीला जुळवायचा, डेकचा वेग तपासायचा, मापं किती घेतली ते फाइलीच्या नावातच लिहायचं. याला अडतीस हजारांची डबी लागत नाही. एक माणूस लागतो, ज्याला बुवांची पट्टी आठवते.

अशी माणसं आता सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत.

डबी विक्रेत्यानं परत घेतली नाही. गुरुजींनी ती कपाटात ठेवून दिली आणि कपाटातूनच एक पिशवी काढली, तीत एकवीस कॅसेटी निघाल्या. गेले तीन रविवार आम्ही त्यांच्यावर बसतो आहोत. डेकचा वेग बरोबर आहे की नाही हे ठरवायला मी आधी रेकॉर्डिंगमध्ये उतरलेली विजेची गुणगुण बघायचो. ती ५० हर्ट्‌झची असायला हवी. पण त्या वर्षांत आमच्याकडची वीजच इतकी खालीवर व्हायची की तिच्यावर विसंबता येत नाही. म्हणून गुरुजींनी बुवांच्या घरून त्यांची पेटी मागवली आहे, कीर्तनात वाजायची तीच. तिचे दोन सूर बसलेत, काळी चार शाबूत आहे. कॅसेट सुरू होते, बुवा 'जय जय राम कृष्ण हरी' म्हणतात, गुरुजी भाता ओढून काळी चार धरून ठेवतात, आणि मी डेकच्या मागच्या स्क्रूवर पेचकस टेकवून ते मान हलवतील त्या क्षणाची वाट बघतो.